अकरा नंबरच्या मधल्या ओळी

"एकवीस पॉइंट चार," मी म्हणाले.

मित्राताईचं पेन थांबलं. "परत बघ."

मी काच पदरानं पुसली. ज्वारीच्या धांड्याचं मधलं कांडं पकडीनं दाबलं, रसाचे दोन थेंब काचेवर पाडले, वरचं झाकण मिटलं आणि नळी डोळ्याला लावून सूर्याकडे धरली. आत पट्टीवर निळा रंग संपतो तिथं आकडा वाचायचा असतो. रसात शंभराला किती भाग गोडी आहे, ते त्यावर कळतं.

"एकवीस पॉइंट चारच आहे ताई."

"तुला नक्की दिसतंय ना?"

"चष्मा तुम्हाला आहे. मला नाही."

एरवी ती हसली असती. त्या दिवशी तिनं वही मांडीवरून खाली ठेवली, माझ्या हातातली नळी घेतली आणि स्वतः बघितलं. मग दुसरा धांडा बघितला. मग तिसरा. वीस पॉइंट नऊ. एकवीस पॉइंट सहा. 

"अनसा," ती म्हणाली, "अकरा नंबर लागला गं."

दसरा होऊन तीन दिवस झाले होते. कृषी विद्यापीठाच्या प्रयोगाच्या रानात आम्ही दोघी सकाळी सातपासून होतो. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल गोड ज्वारीच्या रसापासून काढायचं, असा प्रकल्प होता. अठरा वाण, तीन जागी पेरलेले. प्रत्येक वाणाच्या चार ओळी. चारातल्या कडेच्या दोन मोजायच्या नाहीत, कारण त्यांना वारा-ऊन जास्त मिळतं, शेजारच्या वाणाचा फरक पडतो. मोजायच्या त्या मधल्या दोन. हा नियम मला मित्राताईनंच पहिल्या दिवशी सांगितला होता आणि पाठ करून घेतला होता.

मित्राताई म्हणजे संघमित्रा वाकळे. पीएच.डी.चं सहावं वर्ष. पहिल्या वर्षी पेरणी उलटली. दुसऱ्या वर्षी रानडुकरांनी प्लॉट लोळवला. मग तीन वर्षं कुठलाच वाण सोळाच्या वर गेला नाही. तिचे मार्गदर्शक उंबरकर सर तिला सगळ्यांच्या देखत म्हणायचे, "वाकळे, तुमचा प्रबंध गोड होईपर्यंत मी रिटायर होणार." मार्चमध्ये तिची नोंदणी संपत होती. त्यानंतर सहा वर्षं पाण्यात. शुक्रवारी दिल्लीहून प्रकल्प तपासायला समिती येणार होती आणि त्यांच्यापुढे दाखवायला तिच्याकडे अठरा वाणांचे चौदा-पंधरा-सोळा, एवढंच होतं. मंगळवारी सकाळपर्यंत.

"सरांना फोन करते," ती म्हणाली आणि रेंज मिळते त्या विहिरीच्या कट्ट्याकडे पळत गेली. खरंच पळत. ढेकळांतून.

मी बसून राहिले. बसल्या बसल्या कडेच्या ओळीतला एक धांडा पिळला. का, ते माहीत नाही. हातात पकड होती म्हणून.

सोळा पॉइंट एक.

दुसरा पिळला. पंधरा पॉइंट आठ.

ऊन-वाऱ्यानं थोडा फरक पडतो. पाचाचा पडत नाही. मी वर बघितलं. प्रत्येक कणसावर कागदी पिशवी होती. पाखरांनी खाऊ नये आणि दुसऱ्या वाणाचा पराग लागू नये म्हणून आम्हीच ऑगस्टच्या शेवटाला घातलेल्या, पिना मारून. कडेच्या ओळीतल्या पिशवीला पीन होती. मधल्या ओळीतल्या पिशवीला बाभळीचा काटा होता.

लांबून काटा आणि पीन सारखीच दिसते.

मी काटा काढला. पिशवीत कणीस नव्हतं. वाळलेला पाला चुरगाळून भरला होता, पिशवी फुगलेली दिसावी म्हणून. दुसरी उघडली. पाला. तिसरी उघडली नाही.

मित्राताई विहिरीकडून येताना दिसली तेव्हा मी दोन्ही काटे परत टोचले.

"सर म्हणाले, पेढे तयार ठेवा," ती धापा टाकत म्हणाली. "मला कधी पेढे म्हणालेत का ते? सहा वर्षांत?"

"नाही म्हणाले," मी म्हणाले.

*

त्या रानात सहा बाया रोजंदारीवर होत्या. लाडबी, सोजर त्यातल्याच, आणि एक माझी माय, केराबाई. चौदा वर्षं. खुरपणी, विरळणी, पिशव्या घालणं, कापणी, सगळं. मला आठवीपर्यंत शिकवलं आणि अक्षर बरं म्हणून मला वहीवर बसवलं, तेव्हा मायला केवढा आनंद झाला होता. मी वहीवर बसले, तेव्हापासून बाया माझ्यापुढे जरा जपून बोलायच्या. ते मला समजायचं. मायही जपून बोलते, हे त्या मंगळवारी समजलं.

संध्याकाळी ती चुलीपुढे बसली होती. मी दारातच चप्पल काढता काढता विचारलं, "माय, त्या दिवशी हुरडा खाल्ला तो कुठला?"

"ग्वाड लागला ना?"

"कुठला?"

"रानातला."

"कोणाच्या रानातला?"

"तुज्या मित्राबाईच्या." तिनं लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "दोन काठ्यांच्या पाटीचा."

मायला वाचता येत नव्हतं. वाणाच्या पाट्या ती आकारावरून ओळखायची. आठ म्हणजे छत्री, चार म्हणजे गाठ, अकरा म्हणजे दोन काठ्या.

"दोन काठ्यांचाच का?"

"बाकीच्यांचा दाणा तांबडा, तुरट. ह्येचा पांढराफेक. गेल्या साली मळला तवा तोंडात टाकून बगितला हुता. लाडबीनंबी बगितला. अशा दाण्याची भाकर आदी कदी खाल्ली हुती, ते आठवना म्हणली ती."

"गेल्या वर्षीचा दाणा जाळला होता."

"मीच जाळला की." मायनं लाकूड आत सारलं. "दोन पोती. उंबरकर म्हणला, संशोधनाचं बी भाईर जाऊ ने. खड्ड्यात टाकलं, वरून राकेल. ज्वारी लवकर पेटत न्हाई. ढीग असला की नुस्ती धुमसते. तर मला म्हणला, केराबाई, काठीनं हलवा. मी हलवली. आर्धा दिवस हलवली. लाह्या फुटत हुत्या त्येच्यात. सोजर म्हणली, माय, लाह्यांचा वास बघ. तवाच ठरलं आमचं, की औंदा जळायच्या आदी खायची."

"मधल्याच ओळींतली का घेतली?"

"कडंची कणसं रस्त्यावरनं दिसतेत. चोरी करायची तर जरा डोस्कं नगं?"

"आम्ही मधल्याच ओळी मोजतो."

"मोजा की. आमी धांड्याला हात न्हाई लावला. तुमाला रस पायजे, आमाला दाणा. कोणाचं काय गेलं?"

"रस गोड झालाय त्याचा. पाच आकडे जास्त."

माय माझ्याकडे बघायला लागली. मग हसली. "आन् मग? व्हणारच. वांझ धांडा ग्वाडच असतो. ल्हानपणी आमी ज्वारीत कणीस न आलेलं ताट हुडकायचो खायला. वर दाणा भरायचा नसला की समदी गोडी खालीच ऱ्हाती. हे तुज्या मित्राबाईला ठावं न्हाई?"

ठाऊक असेल. पुस्तकात असेलच कुठंतरी. पण कागदी पिशवीत पाला असू शकतो, हे पुस्तकात नसतं.

मला राग आला नव्हता. भीतीही वाटली नव्हती. शुक्रवारी समिती आली की पहिल्यांदा पिशवी उघडून दाणा बघणार, एवढं डोक्यात होतं. आणि पिशवीतून पाला पडल्यावर ते मित्राताईकडे बघणार. सहा वर्षांनंतर एकवीसचा आकडा दाखवणाऱ्या, मार्चमध्ये मुदत संपणाऱ्या पोरीनंच कणसं खुडली, असंच कुणीही म्हणणार.

*

बुधवारी सकाळी मी तिला बांधावर गाठलं आणि सगळं सांगितलं. कोणी केलं हेही सांगितलं. तिनं विचारलं होतं, म्हणून.

ती बराच वेळ पायाखालचं गवत उपटत राहिली.

"किती ओळी?"

"तिन्ही जागच्या मधल्या. सगळ्या."

"म्हणजे अकरा नंबर सोळाच आहे."

"हो."

"मेले गं मी," ती म्हणाली. आवाज चढवून नाही. बाजारात पिशवी विसरली, तसं.

"ताई, सरांना सांगा. पण मायचं नाव नका घेऊ. पाखरांनी खाल्लं म्हणा. माकडांनी खाल्लं म्हणा."

"माकडं काटे टोचून जातात का अनसा?"

"मग कोणीतरी चोरलं म्हणा. कोण ते कळलं नाही म्हणा."

"नाही घेणार नाव," ती म्हणाली. माझा हात धरला. तिचा हात गवतानं ओला झाला होता. "शपथ. केराबाई मला डबा आणायच्या पहिल्या वर्षी. मी विसरले नाही."

दुपारी तीनला शिपाई आला. उंबरकर सरांनी मला बोलावलं होतं. वही-पेन घेऊन. आणि केराबाईलाही.

ऑफिसात सर खुर्चीत होते. मित्राताई खिडकीशी उभी होती, बाहेर बघत. माय दाराशी चपला काढून आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या लुगड्याला कुसळं चिकटली होती.

"केराबाई," सर म्हणाले, "ओरडणार नाही मी. खरं सांगा, किती कणसं काढली?"

मायनं माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे बघितलं.

"मोजली न्हाईत साहेब."

"ओळी किती?"

"सा. तीन जागी दोन दोन."

"एकाच दिवशी?"

"न्हाई. एका दिशी कशी हुतील. जाताना आठ-धा, ओटीत बसतील तेवडी."

"पहिल्यांदा कधी?"

"म्हालक्ष्म्या जेवल्या, त्येच्या दुसऱ्या दिशी."

सरांनी टेबलावरचं कॅलेंडर ओढलं. "लिही, सतरा सप्टेंबर. दाणा कसा होता तेव्हा?"

"दूध. दाबला की पांढरं यायचं. तवा खाल्लं न्हाई, बगायला न्हेलं हुतं. पैल्या जागी, वढ्याकडची ओळ."

"मग?"

"मग पितरपाट बसल्यावर. हुरडा झाला तवा. दुसऱ्या जागी. त्या टायमाला आमी सगळ्याजणींनी न्हेला. सोजरच्या सासऱ्याची तीथ हुती, त्येच्या आदल्या दिशी."

"तिथी कुठली?"

"सप्तमी."

"लिही. आणि शेवटची?"

"घट बसले त्या दिशी. दाणा आवळ झाला हुता, दाताला लागायचा. तिसऱ्या जागच्या. ती वाळवून भाकरी केल्या."

मी लिहीत होते. मला वाटत होतं, हे चोरीचं आहे. किती चोरलं, कधी चोरलं, किती वेळा चोरलं. पण सर मध्येच असे प्रश्न विचारायचे, की ते चोरीचे वाटत नव्हते. दुधात खुडलेला धांडा आणि हुरड्यात खुडलेला धांडा, चवीला फरक आहे का? पानं आधी वाळली का? पेरात पोकळी पडली का? आणि माय सांगत होती. सुरुवातीला दबकत, मग भिंत सोडून पुढे येऊन, हातानं दाखवत. दुधात खुडला तो सगळ्यात ग्वाड. हुरड्यातला त्याच्या खाली. आवळात खुडल्याला तेवढा फरक नाही. चौदा वर्षांत त्या रानाबद्दल तिला कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता. तिला सगळं माहीत होतं. कोणत्या वाणाला मावा पडतो, कोणता वाऱ्यानं लोळतो, कोणत्याची मुळी वर येते. ती न विचारता तेही सांगायला लागली. सर म्हणाले, "ते नको. कणसाचं सांगा."

तिच्या तोंडावर मी त्या दिवशी जे बघितलं, ते आनंद होता, असं आज म्हणते. तेव्हा मी फक्त लिहिलं.

अर्धा तास झाला असेल. सरांनी माझ्याकडून कागद घेतला, वाचला, मान हलवली. मग वरच्या मोकळ्या जागेत स्वतःच्या हातानं तीन ओळी लिहिल्या आणि शाईचा डबा पुढे सरकवला.

"अंगठा."

"कशाला साहेब?"

"तुम्ही सांगितलं ते तुम्हीच सांगितलं, याला."

मायनं अंगठा दिला. तो डोक्यावरच्या केसांना पुसला. सरांनी कागद माझ्यापुढे धरला. "वाचून दाखव आईला. नंतर म्हणायला नको."

मी वाचलं. "मी, केराबाई, प्रयोगक्षेत्रातील संशोधन सामग्री विनापरवाना तोडून नेल्याचे मान्य करते. यापुढे माझा कामावर कोणताही हक्क राहणार नाही." खाली माझ्याच अक्षरात तारखा होत्या.

खोलीत पंखा फिरत होता. मित्राताई खिडकीतून वळली. "सर, त्यांना माहीत नव्हतं की..."

"वाकळे," सर म्हणाले, "तुम्हाला प्रबंध पाहिजे की नको?"

ती परत खिडकीकडे वळली.

मायनं चपला घातल्या. बाहेर व्हरांड्यात येऊन म्हणाली, "खुरपं रानातच ऱ्हायलं माजं."

"मी आणते."

"इद्यापीठाचं हाय. राहू दे."

बाकीच्या पाच जणींना त्याच संध्याकाळी फाटकावर सांगितलं, उद्यापासून येऊ नका. लाडबी मला बघून थुंकली. बाजूला थुंकली, माझ्यावर नाही.

*

गुरुवारी सरांनी मला मधल्या ओळींतल्या सगळ्या पिशव्या काढायला लावल्या. पाला, काटे, सगळं गोळा करून खड्ड्यात. खुडलेल्या टोकांना रंगीत फिती बांधायच्या, दुधातल्यांना लाल, हुरड्यातल्यांना पिवळ्या, आवळातल्यांना निळ्या. मी एकटीच होते. संध्याकाळी अकरा नंबर सजवल्यासारखा दिसायला लागला. फिती वाऱ्यावर हलत होत्या. मित्राताई आली, वहीतले जुने कागद बाजूला करून नवीन तक्ता आखून गेली. जाताना म्हणाली, "उद्या ते तुला काही विचारणार नाहीत. मजुरांना कुणी विचारत नाही."

"बरं."

"पण विचारलंच तर..." ती थांबली. "शुक्रवार नीट गेला, तर सर केराबाईंचं बघतो म्हणालेत."

शुक्रवारी तिघे आले. दोघे सावलीत थांबले. तिसरे म्हातारे, टोपी घातलेले, बुटांना चिखल लागत होता तरी प्लॉटमध्ये शिरले. सर त्यांच्यामागे इंग्रजीत बोलत चालले होते. अवस्थेनुसार कणीस खुडल्यास धांड्यातली साखर वाढते, तीन अवस्था, तीन ठिकाणी, आमच्या विद्यार्थिनीची कल्पना. म्हातारा एका लाल फितीपाशी थांबला. तुटलेलं टोक बोटानं चाचपलं.

"हे चाकूनं कापलेलं नाही," तो मराठीत म्हणाला. "हातानं मोडलंय. नखानं." आणि माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही इथं कामाला?"

"हो."

"ही कणसं कोणी मोडली?"

मित्राताई माझ्यापासून चार हातांवर उभी होती. तिच्या हातात तक्ता होता आणि ती माझ्याकडे बघत होती. तसं तिनं माझ्याकडे आधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

मला पुष्कळ वेळ मिळाला. लोक म्हणतात अशा वेळी काही सुचत नाही. मला सगळं सुचत होतं. माय भिंत सोडून पुढे आली होती, ते दिसत होतं. मी म्हणू शकत होते, माझ्या आईनं मोडली. दुधात मोडलेलं सगळ्यात गोड, हे तिनं सांगितलं, तिला विचारा, ती नदीपलीकडे राहते. त्या म्हाताऱ्यानं ऐकलंही असतं. त्याचा चेहरा ऐकणाऱ्याचा होता.

"आम्हीच मोडली," मी म्हणाले. "सरांनी सांगितलं तशी."

"तारखा लिहून ठेवल्यात?"

"ठेवल्यात. माझ्या अक्षरात आहेत."

"छान," तो म्हणाला आणि पुढच्या फितीकडे गेला.

मित्राताईनं श्वास सोडला. मला तो ऐकू आला.

*

मायला परत घेतलं नाही. सोमवारी मी विचारायला गेले तेव्हा सर म्हणाले, "कागद वर गेला, अनुसया. आता माझ्या हातात नाही." तो कागद त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली होता. मी उभी होते तिथून माझं अक्षर दिसत होतं. मी ते बोलले नाही. मला त्यांनी ठेवलं. तू खरं बोलणारी आहेस, म्हणाले.

मित्राताईचा प्रबंध फेब्रुवारीत गेला. जुलैत तोंडी परीक्षा झाली आणि ती डॉक्टर झाली. पेढे घेऊन रानात आली, बरोबर काळ्या पुठ्ठ्याचा प्रबंध. मला एक पान उघडून दाखवलं. तक्ता होता. सतरा सप्टेंबर, दुग्धावस्था. मग पितरपाटातली तारीख. मग घटस्थापना. घटस्थापना असं लिहिलं नव्हतं, आठ ऑक्टोबर लिहिलं होतं. वर मथळा होता, 'नियोजनपूर्वक कणीस खुडणीचा परिणाम'. शेवटच्या पानावर तिनं आईवडिलांचे, सरांचे, ग्रंथालयाचे आणि शेतमजुरांचे आभार मानले होते.

"तुझं नाव टाकणार होते," ती म्हणाली. "सर म्हणाले, एकीचं टाकलं की बाकीच्या विचारतात."

"बाकीच्या नाहीत आता."

ती पेढ्याचा कागद दुमडत बसली.

"केराबाई कशा आहेत?"

"बरी आहे. उसाच्या रानात जाते निंदायला."

"मला दुसरा रस्ता नव्हता अनसा."

"नव्हता ताई."

"तू तरी असं म्हणू नको," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी पेढा खाल्ला. तिच्या हातून घेतला होता, तो कुठं ठेवणार? येते म्हणाली घरी, मायला भेटायला. आली नाही. आता ती दुसऱ्या जिल्ह्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, असं ऐकते. चांगलं काम करते, असंही ऐकते.

त्याच पावसाळ्यात उंबरकर सरांनी अकरा नंबर एकरभर पेरला. खुडणीचं तंत्र शेतकऱ्यांना दाखवायला. नवीन सहा बाया आणल्या, लांबच्या गावाच्या. मला त्यांच्यावर नेमलं. कणीस फुलोऱ्यात आलं, की दाणा धरायच्या आत खुडायचं. प्रत्येकीच्या कमरेला पोतं. पोती माझ्यासमोर खड्ड्यात रिकामी करायची, एकही कणीस बाहेर जाऊ द्यायचं नाही. हिरवं कणीस जळत नाही, म्हणून वर माती ओढायची. पहिल्या दिवशी एका बाईनं विचारलं, "अवो बाई, हे खायचं न्हाई व्हय?" मी म्हणाले, "नाही." दुसऱ्या दिवसापासून कुणी विचारलं नाही.

खुडणीच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी गेले तेव्हा माय भाकरी थापत होती. रेशनच्या मक्याची.

"आज काय काम हुतं?" तिनं विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा तिनं रानाचं विचारलं.

"खुडणी."

"कोणती?"

"दोन काठ्यांची."

तिचे हात थांबले. "दाणा भरला गं?"

"भरू देत नाहीत. फुलोऱ्यातच खुडतात आता. तुझ्याहून तेरा-चौदा दिवस आधी."

"त्यानं आणिक ग्वाड व्हत आसंल."

"हो. बावीस आला."

तिनं मान हलवली, बरोबर आहे अशी. मग भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं.

"आन् कणसं?"

"खड्ड्यात."

"किती रान?"

"एकर."

माय भाकरीकडे बघत राहिली. कडा उचलल्या, उलटली, चुलीच्या तोंडाशी उभी करून शेकली. फुगली नाही. मक्याची फुगत नाही. ताटलीत टाकून ती माझ्याकडे सरकवली.

"हात धुऊन ये," ती म्हणाली. "नखात पिवळं बसलंय."

फुलोऱ्याचा पराग होता. मी मोरीवर जाऊन हात धुतले. नखातलं पुरतं निघालं नाही. येऊन बसले आणि जेवले.